लेखकाला सॉफ्टवेअर भेट द्यावे का?

लिहिणाऱ्या माणसाला काय भेट द्यावे, याची उत्तरे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठरलेली आहेत. सत्काराला शाल-श्रीफळ, वाढदिवसाला चांगले पेन, कॉलेजातल्या होतकरू मुलीला शब्दकोश, आणि नाते जवळचे असेल तर लिहायचे टेबल. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या यादीत सॉफ्टवेअरची भर पडली. परदेशी असलेला मुलगा निवृत्त झालेल्या आईला कादंबरी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना घेऊन देतो, मित्रमंडळी वर्गणी काढून पटकथा लिहिणाऱ्याला एखादे महागडे पॅकेज देतात, कुणी वर्षभराचे सबस्क्रिप्शन भरून टाकतो. या सगळ्यामागची भावना खरी असते. तरीही अशा भेटींपैकी पुष्कळशा पहिल्या महिन्यानंतर उघडल्याच जात नाहीत. माझे म्हणणे असे की लेखन-सॉफ्टवेअर ही भेट म्हणून चांगली होऊ शकते, पण परवान्याचे पैसे भरले की ती पुरी होत नाही. काय वापरायचे ते लेखकाने ठरवावे, आणि ते बसवून देण्याची, जुने लिखाण त्यात आणून देण्याची, अडले तर पुन्हा येऊन बसण्याची जबाबदारी देणाऱ्याने घ्यावी. मराठीत लिहिणाऱ्याच्या बाबतीत तर या दुसऱ्या अर्ध्या भागाशिवाय पहिल्याला काही किंमतच उरत नाही.

लेखनयंत्र भेट देण्याचा इतिहास तसा जुना आहे आणि त्याच्या सुरुवातीलाच एक बोलके उदाहरण आहे. मार्क ट्वेनने 1874 साली टाइपरायटर विकत घेतला. यंत्राचे वेड असलेला हा लेखक त्या यंत्राला मात्र लवकरच कंटाळला, आणि पुढे 1905 साली छापलेल्या आठवणीत त्याने लिहिले की आपण ते विल्यम डीन हॉवेल्स या लेखकमित्राला देऊन टाकले, तर त्यानेही काही महिन्यांनी ते परत केले. त्यानंतर आणखी दोनदा दिले, तरी ते परत आले. अखेर ते घोडागाडी हाकणाऱ्या नोकराच्या वाट्याला गेले. सांगण्याची पद्धत ट्वेनची असल्यामुळे त्यात मीठमसाला असणारच. तरी मुद्दा खरा आहे: हॉवेल्स हा काही यंत्राला घाबरणारा अडाणी माणूस नव्हता, त्याची लिहिण्याची घडी बसलेली होती आणि यंत्र त्या घडीत मावत नसावे. त्याच ट्वेनचे मिसिसिपी नदीवरचे पुस्तक पुढे 1883 साली टंकलिखित हस्तलिखितावरून छापले गेले, आणि ते टंकन त्याने स्वतः केले नव्हते, दुसऱ्याकडून करवून घेतले होते. दुसरे उदाहरण याहून बोलके. वर्ड प्रोसेसरवर लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून लेन डेटन या ब्रिटिश लेखकाच्या 1970 सालच्या ‘बॉम्बर’चे नाव घेतले जाते. मॅथ्यू कर्शनबॉम या अभ्यासकाने वर्ड प्रोसेसिंगच्या साहित्यिक इतिहासावरच्या 2016 सालच्या पुस्तकात ही हकिगत सविस्तर दिली आहे. चुंबकी फितीवर मजकूर साठवणारे आयबीएमचे ते यंत्र इतके अवजड होते की घरात घेण्यासाठी खिडकी काढावी लागली. पण ते चालवत कोण होते? एलनॉर हँडली ही डेटनची सहायिका. दुरुस्त्या झालेली पाने पुन्हा पुन्हा टंकण्याचा तिचा भार हलका व्हावा, हेच ते यंत्र घरी येण्याचे मोठे कारण होते. लेखक आणि यंत्र यांच्यामध्ये एक जाणते माणूस उभे होते, म्हणून यंत्र कामी आले.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हे मधले माणूस गळाले आहे, आणि शिवाय देण्याघेण्याची वस्तूच बदलली आहे. पेन दिले की ते घेणाऱ्याचे होते. त्याने वापरावे, कपाटात ठेवावे किंवा नातवाला द्यावे. सॉफ्टवेअर दिले म्हणजे वापराची परवानगी दिली, आणि ती कुणाच्या तरी नावाला, ईमेलला, देशाला आणि यंत्राच्या जातीला बांधलेली असते. उदाहरण म्हणून जगभरच्या कादंबरीकारांत लोकप्रिय असलेले स्क्रिव्हनर हे लेखन-सॉफ्टवेअर घ्या. कीथ ब्लाउंट या इंग्रज माणसाला स्वतःच्या कादंबरीसाठी मनासारखे साधन मिळेना, म्हणून त्याने प्रोग्रॅमिंग शिकून ते तयार केले आणि 2007 साली विक्रीला आणले. एकदाच पैसे भरायचे, दरवर्षीचे भाडे नाही, ही त्याची मोठी सोय. पण मॅकचा परवाना वेगळा, विंडोजचा वेगळा, आयफोन-आयपॅडसाठी पुन्हा वेगळी खरेदी, आणि अँड्रॉइडवर ते नाहीच. भारतातले बहुतेक फोन अँड्रॉइडचे असताना, प्रवासात फोनवर लिहिणाऱ्या लेखकाच्या दृष्टीने ही उणीव छोटी नाही. ॲपलच्या यंत्रांवरच चालणारे युलिसिस 2017 साली एकरकमी विक्री सोडून सबस्क्रिप्शनवर गेले, तेव्हा जुन्या वापरणाऱ्यांत मोठी नाराजी पसरली. सबस्क्रिप्शनच्या भेटीतला धोका उघड आहे: देणारा एका वर्षाचे पैसे भरतो, लेखक त्या वर्षात आपली अर्धी कादंबरी त्यात उतरवतो, आणि दुसऱ्या वर्षाचे बिल त्याच्या दारात येते. 2021 सालच्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला नवे नियम लावले. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलेच होते, पण त्यानंतर कित्येक परदेशी सेवांची दरमहाची वसुली भारतीय कार्डांवरून होईनाशी झाली. अमेरिकेतल्या भाच्याने तिकडच्या दुकानातून घेतलेले गिफ्ट कार्ड तर इकडच्या खात्यात सहसा चालतच नाही, कारण ती कार्डे देशापुरती बांधलेली असतात. शेवटी ज्याला आनंद द्यायचा त्याच्या वाट्याला पासवर्ड आणि पत्रव्यवहार येतो.

अर्थशास्त्रज्ञांनी भेटवस्तूंचा हिशेब पूर्वीच मांडून ठेवला आहे. जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना नाताळात मिळालेल्या भेटींची पाहणी केली आणि निष्कर्ष काढला की घेणाऱ्याच्या लेखी भेटीचे मोल बाजारभावापेक्षा एक दशांश ते एक तृतीयांशाने कमी भरते. त्यातही मित्रांच्या आणि जोडीदाराच्या भेटी बऱ्या ठरल्या. काका-मावशी, आजी-आजोबा यांच्या वस्तूंत तूट जास्त, कारण त्यांना घेणाऱ्याच्या आवडीची माहिती कमी. या निष्कर्षाला उत्तरही मिळाले. तीनच वर्षांनी सॉल्निक आणि हेमेनवे यांनी, वॉल्डफोगेल यांचा लेख आला त्याच नियतकालिकात, दाखवले की भावनिक मोल धरले तर घेणारा भेटीची किंमत बाजारभावाहून जास्त लावतो. मला दोन्ही निष्कर्ष एकत्र खरे वाटतात. शाल कधी अंगावर घेतली नाही तरी तिच्यातला मान उरतो, म्हणून तिथे भावनिक मोल तूट भरून काढते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र बघायला, हाताळायला काही नाही. त्याचे मोल वापरातच आहे, आणि वापर झाला नाही तर उरते ती फक्त रुखरुख. घरच्या कुणी हौसेने घेऊन दिले आणि आपण उघडतही नाही, हे ओझे लेखकाच्या मनावर बसते. फ्रान्चेस्का जीनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांच्या 2011 सालच्या अभ्यासात असे आढळले की घेणाऱ्याने स्पष्ट सांगितलेली वस्तू मिळाली तर त्याला ती अधिक भावते, देणाऱ्याला मात्र आपण स्वतः शोधलेली वस्तूही तितकीच भावेल असे वाटत राहते. लेखन-सॉफ्टवेअरच्या बाबतीत विचारून देणे हाच मार्ग, असे मी म्हणतो ते याच्याही आधारावर.

सॉफ्टवेअरने लेखन सुधारते का, हा मधला प्रश्न आहे आणि त्यावर उपलब्ध असलेला पुरावा नीट तपासून घ्यावा लागतो. शाळकरी मुलांवर झालेले अभ्यास संगणकाच्या बाजूने आहेत. गोल्डबर्ग, रसेल आणि कुक यांनी 1992 ते 2002 या काळातल्या अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला, तेव्हा संगणकावर लिहिणारी मुले कागदावर लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त लिहितात आणि बरेही लिहितात असे दिसले. खाडाखोड करणे सोपे झाल्यामुळे ती लिहिलेल्यावर पुन्हा हात फिरवतात. हा फायदा साध्या वर्ड प्रोसेसरचा आहे, आणि तो आता फुकट मिळतो. त्यापलीकडची महागडी साधने घेतल्याने प्रौढ लेखक अधिक चांगले लिहितो, असे मात्र या अभ्यासांतून निघत नाही. उलट जॉर्ज आर. आर. मार्टिन आपल्या प्रचंड कादंबऱ्या डॉसच्या जुन्या संगणकावर, 1980च्या दशकातल्या वर्डस्टारमध्ये लिहितात, आणि तो संगणक इंटरनेटला जोडलेलाही नाही. त्यांना नवे पॅकेज भेट देणारा चाहता त्यांचे भले करणार नाही.

मग स्क्रिव्हनरसारख्या साधनाची गरज कुणाला असते? लांब पल्ल्याचे, तुकड्यातुकड्यांनी वाढणारे लेखन करणाऱ्याला. चारशे पानांच्या कादंबरीत तिसऱ्या प्रकरणातला प्रसंग नवव्यात न्यायचा असेल, तर वर्डच्या एका लांब फाइलमध्ये तो शोधा, कापा, चिकटवा आणि मागचे-पुढचे दुवे हरवू देऊ नका, अशी कसरत करावी लागते. स्क्रिव्हनरमध्ये डाव्या बाजूला प्रसंगांची उतरंड दिसते. प्रत्येक प्रसंग स्वतंत्र तुकडा असतो, त्याला दोन ओळींचा सारांश जोडता येतो, ते सारांश पडद्यावर कार्डांसारखे मांडता येतात आणि कार्ड हलवले की मजकूरही हलतो. टिपणे, कात्रणे, मुलाखतीचे ध्वनिमुद्रण हेही त्याच प्रकल्पात राहते. चरित्रकार, संशोधक, ऐतिहासिक कादंबरीकार यांना यातून खरोखर दिलासा मिळतो. कवीला, सदरलेखकाला, दहा पानांची कथा लिहिणाऱ्याला यातले जवळजवळ काहीच लागत नाही. शिवाय प्रत्यक्ष वापराचे 30 दिवस ते फुकट वापरून बघता येते. आठवड्यातून दोनदाच उघडले तर ही मुदत तीन महिन्यांच्या वर जाते. एका महिन्यात 50,000 शब्द लिहिण्याचा जो उपक्रम अमेरिकेत 1999 साली सुरू झाला आणि 2025 साली बंद पडला, त्यात उद्दिष्ट गाठणाऱ्यांना हे सॉफ्टवेअर निम्म्या किमतीत मिळत असे. म्हणजे आधी लिहून झाले, साधन हाताला बसले, आणि मग सवलत. भेटीचा क्रमही असाच असावा. लेखकाने महिनाभर वापरावे, हवे असे म्हणावे, आणि त्यानंतर देणाऱ्याने पैसे भरावेत.

आतापर्यंतचा विचार कुठल्याही भाषेतल्या लेखकाला लागू आहे. मराठीत लिहिणाऱ्याची अडचण याच्या एक पायरी आधी सुरू होते, आणि दुकानातले कुठलेही वर्णन वाचून ती कळत नाही. पुण्यात 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने, आणि मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या खासगी पॅकेजांनी मराठीला संगणकावर आणले, हे त्यांचे मोठे ऋण आहे. नव्वदच्या दशकातली वृत्तपत्रे, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके त्यांच्याच जोरावर निघाली. पण त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तुम्ही पडद्यावर ‘कविता’ वाचता, फाइलच्या आत मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी असते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ती खिचडीच समोर येते. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असल्यामुळे एका पॅकेजमधला मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही. प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी 1991पासून आहे आणि विंडोज 2000पासून ती घरच्या संगणकावर लिहिता येऊ लागली, तरी छपाईचे जग बराच काळ जुन्याच फॉन्टांवर राहिले, कारण डीटीपीवाल्यांचे पेजमेकर युनिकोड ओळखत नव्हते. परिणाम असा की साठीच्या पुढच्या अनेक मराठी लेखकांचे वीस-पंचवीस वर्षांचे लेखन जुन्या फॉन्टांत, सीडीवर आणि कुठल्याशा पेन ड्राइव्हवर अडकून पडले आहे. अशा लेखकाला नवे सॉफ्टवेअर भेट दिले, तर ते उघडल्यावर त्याचे आजवरचे लेखन त्यात असणार नाही. नव्या घराची किल्ली द्यावी आणि सामान जुन्या घरात कुलूपबंद राहावे, तसे ते आहे.

हे सामान हलवता येते, पण हाताने तपासूनच. जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये मजकूर बदलणारी साधने आहेत आणि त्यांतली काही फुकट आहेत. मात्र ती काय काय चुकवतात ते जवळून पाहायला हवे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवायची असते. ‘किल्ली’तली पहिली वेलांटी जागेवर येईल, पण ‘स्थिती’ किंवा ‘व्यक्तिमत्त्व’ यांसारख्या शब्दांत जोडाक्षराच्या अलीकडून पलीकडे उडी मारताना ती मध्येच अडकते. रफाराचे याच्या उलट: जुन्या फॉन्टात तो शेवटी, युनिकोडमध्ये सुरुवातीला, म्हणून ‘कीर्ती’सारखा शब्द बिघडतो. खरी गोम आहे ती ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘वऱ्हाडी’ या शब्दांतल्या अर्ध्या र मध्ये. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा साध्या र ला जोडलेल्या अदृश्य चिन्हाने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने शोधले तर पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या पद्धतीचा शब्द सापडत नाही. ‘ॲ’चेही तसेच, त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 साली, तोवर अ वर चंद्र देऊन काम भागवले जाई. कादंबरीतल्या पात्राचे आडनाव बदलायचे ठरले आणि अर्ध्या जागी ते तसेच राहिले, तर दोष कुणाचा हे लेखकाला कळणारही नाही. म्हणून मराठी लेखकासाठी कुठलेही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात एक पान टाकून पाहावे. अर्धा र मोडतो का, शोध लागतो का, शब्दसंख्या बरोबर येते का, आणि बाहेर काढलेली फाइल प्रकाशकाच्या माणसाला वर्डमध्ये उघडता येते का. एवढे तपासायला तासभर पुरतो.

शुद्धलेखन तपासनिसाची भेट द्यायची म्हटली तर परिस्थिती आणखी बिकट आहे. ग्रामरली, प्रोरायटिंगएड ही नावे जाहिरातींमुळे सर्वांना माहीत आहेत, पण त्यांचा सारा पाया इंग्रजी लेखनाचा. मराठीसाठी लिब्रे ऑफिसला आणि फायरफॉक्सला जोडता येणारे शब्दसंग्रह आहेत, वर्डमध्येही मराठीची तपासणी आहे. तरी प्रश्न मूळचा मराठीच्या घडणीचा आहे. ‘घर’ या एका शब्दापासून घराला, घराच्या, घरासमोरचा, घरांमधल्यांनासुद्धा अशी रूपे निघतात आणि ती सगळी एकेक शब्द म्हणून लिहिली जातात. यादी कितीही वाढवली तरी बरोबर शब्दांखाली तांबड्या रेघा उमटतच राहतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 सालचे, पुढे त्यांत भर पडून ते अठरा झाले. एवढ्या नियमांवर सॉफ्टवेअर बसवता येईल, पण अहिराणीत किंवा मालवणीत बोलणाऱ्या पात्राचा संवाद त्याला चूकच वाटणार. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ किंवा त्यांचेच ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ हे छोटे पुस्तक आजही मराठी लिहिणाऱ्याला अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर शोधण्याजोगा करून ठेवला आहे. तो लेखकाच्या संगणकावर एका टिचकीवर आणून देणे ही बिनपैशाची आणि फार मोलाची भेट आहे.

पटकथालेखकाची बाजू वेगळी आहे, आणि सॉफ्टवेअरची भेट सर्वांत निःशंकपणे द्यावी ती त्याला. हॉलिवूडमध्ये फायनल ड्राफ्ट हे व्यवहाराचे चलन झाले आहे. दृश्याचा मथळा, पात्राचे नाव, संवाद यांची जागा आणि अक्षराचा आकार ठरलेला, म्हणजे एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालेल असा अंदाज बांधता येतो, आणि पुढे चित्रीकरणाचे वेळापत्रक त्यावरून आखले जाते. इथे साधन लेखकाच्या आवडीपेक्षा धंद्याच्या गरजेतून येते, म्हणून वाया जात नाही. पण आपल्याकडे त्यातही लिपीची पाचर आहे. हिंदी चित्रपटसृष्टीत संवाद रोमन अक्षरांत लिहिण्याची जी पद्धत रूढ झाली, तिला नटांच्या वाचनाच्या सवयीइतकीच या सॉफ्टवेअरची घडणही कारण असावी. मराठी पटकथा देवनागरीतच लिहायची असेल, तर आधी वर सांगितलेली एका पानाची परीक्षा घ्यावी. ‘फाउंटन’ नावाची साधी पद्धत आहे, तिच्यात कुठल्याही मजकूर-संपादकात पटकथा लिहिता येते आणि मांडणी नंतर करता येते. सुरुवात करणाऱ्या मुलाला ती शिकवणे परवान्यापेक्षा बरे.

गेल्या काही वर्षांत भेटींच्या यादीत कृत्रिम बुद्धिमत्तेची सबस्क्रिप्शने आली. 2022 सालच्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले आणि लेखनाला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर लेखनच करून देणारे सॉफ्टवेअर बाजारात बसले. या दोहोंत मी ठाम फरक करतो. जपानच्या रिए कुदान यांनी 2024 साली आकुतागावा पुरस्कार मिळाल्यावर सांगितले की कादंबरीचा सुमारे पाच टक्के मजकूर चॅटजीपीटीचा आहे. तो त्यांचा निर्णय होता, आणि कादंबरीच्या विषयाशी त्याचा संबंध होता. अमेरिकेतल्या पटकथाकारांनी 2023 साली 148 दिवस संप करून जे मिळवले, त्यात कंपनीने लेखकावर असे साधन वापरण्याची सक्ती करू नये, हे कलम होते. दोन्हींतून एकच दिसते की हा निर्णय लेखकाच्या हातात राहिला पाहिजे. न विचारता असे साधन भेट देणे म्हणजे तुझे वाक्य यंत्राने लिहिले तरी चालेल असे सांगणे, आणि ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याला हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याने मागितले तर प्रश्न मिटला.

या मांडणीवर येणाऱ्या आक्षेपांत पहिला आहे फुकट साधनांचा. गूगल डॉक्स आहे, लिब्रे ऑफिस आहे, फोनवर मराठी कळफलक आहे, ‘मुक्ता’सारखे सुरेख मोफत फॉन्ट आहेत, मग पैसे का घालवावेत? आक्षेप बहुतांशी बरोबर आहे आणि मी तो मान्य करतो. पण त्यातून भेट देऊ नये असे निघत नाही, भेट कशाची द्यावी ते निघते. गूगलने 2017 साली मराठीत बोलून लिहिण्याची सोय आणली. संधिवाताने बोटे दुखणाऱ्या किंवा दृष्टी अधू झालेल्या लेखकाला ही सोय नवे आयुष्य देऊ शकते. ती फुकट असूनही असंख्य घरांत पोचलेली नाही, कारण कुणी शेजारी बसून दाखवलेली नाही, चांगला मायक्रोफोन घेऊन दिलेला नाही, आणि बोललेल्या मजकुरातली विरामचिन्हे नंतर कशी घालायची ते समजावलेले नाही. दुसरा आक्षेप असतो तो मोठ्यांना शिकवण्यावर: सत्तरीच्या माणसाला कशाला त्रास? हा मला अपमानास्पद वाटतो. याच पिढीने टाइपरायटरच्या कळा सोडून संगणकाचा इन्स्क्रिप्ट कळफलक शिकले, मनिऑर्डर सोडून यूपीआय शिकले. त्यांना अडवते ते वय नव्हे. घाईघाईने दाखवून निघून जाणारा नातू अडवतो. आणि ज्यांना वहीतच लिहायचे आहे, त्यांची वही हीच त्यांची पद्धत आहे. त्यांच्यासाठी पाने स्कॅन करून, दोन ठिकाणी जपून ठेवणे आणि विश्वासू टंकलेखकाचे पैसे भरणे, एवढे करावे.

तिसरा आक्षेप जास्त खोल आहे. भेट म्हणजे भेट, तिचा इतका हिशेब का? विचारून दिलेली, तपासून घेतलेली, बसवून दिलेली वस्तू ही सेवा झाली, भेटीतला अनपेक्षित आनंद गेला. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 साली आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने भेटीत गुंफलेली असतात आणि दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचा अंश राहतो. मला हे विधान इथे नेमके लागू पडते असे वाटते. ईमेलने आलेल्या पंचवीस अक्षरी परवाना-क्रमांकात देणाऱ्याचा अंश कुठे आहे? तो असलाच तर त्याने घालवलेल्या चार रविवारांत आहे. हार्पर ली न्यूयॉर्कमध्ये विमान कंपनीत आरक्षणाची नोकरी करत असताना 1956 सालच्या नाताळात मायकेल आणि जॉय ब्राउन या मित्र-दांपत्याने तिला वर्षभर नोकरी न करता लिहिता येईल इतके पैसे भेट दिले. 1960 साली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ प्रसिद्ध झाले. ती भेट पूर्णपणे अनपेक्षित होती आणि तरी लेखिकेच्या गरजेला अचूक होती, कारण देणाऱ्यांना तिची अडचण ठाऊक होती: तिच्याकडे साधन होते, वेळ नव्हता. तेवढी ऐपत बहुतेकांची नसते. पण लेखकाचा वेळ खाणारी कामे आपल्याकडे घेणे कुणालाही शक्य आहे, आणि संगणकाच्या भोवतीची कामे हा त्या वेळाचा मोठा चोर आहे.

म्हणून व्यक्तींइतकीच माझी अपेक्षा संस्थांकडून आहे. महाराष्ट्र साहित्य परिषद 1906पासून आहे, विदर्भ साहित्य संघ 1923पासून. त्यांच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि दरवर्षी शेकडो लेखकांच्या हाती सन्मानचिन्हे पडतात. त्या सन्मानचिन्हांच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून प्रत्येक शाखेत एक जाणता टंकलेखक ठेवता येईल. पुरस्कार मिळालेल्या लेखकाचे जुन्या फॉन्टांतले सगळे लेखन त्याने युनिकोडमध्ये आणावे, अर्धा र आणि रफार नजरेखालून घालावेत, एक प्रत लेखकाला, एक संस्थेच्या ग्रंथालयाला द्यावी. आणि लेखकाला पुढे लिहायला कोणते सॉफ्टवेअर रुचते ते त्याच्याबरोबर बसून ठरवावे. परवाना विकत घ्यायचा असेल तर तो त्यानंतर घ्यावा, लेखकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर. हे काम घाईचे आहे, कारण जुन्या सीडी आता वाचल्या जाईनाशा झाल्या आहेत आणि श्रीलिपीची जुनी पॅकेजे चालवणारे संगणक एकेक करून भंगारात निघाले आहेत.